चालू गाडीतला गिअरबॉक्स

१९८६ साली बाजारात आलेली टाटा ४०७ म्हातारी झाली, की घाटात दुसरा गिअर सुटू लागतो. मग मालकाला प्रश्न: बॉक्स खोलायचा की बदलायचा?

न्यूट्रलमधली घरघर क्लच दाबताच थांबली, तर दोष बहुधा इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. काढलेल्या ऑइलमध्ये पितळी भुकटी दिसली, तर सिंक्रो रिंगा झिजल्या असणार; पोलादाचे तुकडे निघाले, तर मात्र गिअरचे दातच गेले. पण ऑइल बघतो कोण?

मालक थेट कुर्ल्याचा जुना बाजार गाठतो. तिथला प्रत्येक बॉक्स ‘चालू गाडीतून काढलेला’. एवढ्या चालू गाड्या मोडीत कोण काढतो, हे विचारायचे नसते. हमी मिळते, दुकानाच्या पायरीपर्यंतची. झाकण उघडून दाखवा म्हटले, की दुकानदाराच्या भावना दुखावतात.