तात्यांची श्रमनिद्रा

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की वाटेत तामलवाडीचा टोलनाका लागतो. इथे गाडीची परीक्षा होते. फास्टॅग आहे का, खात्यात पैसे आहेत का, सगळं यंत्राला क्षणात कळतं. स्टेअरिंगमागचा माणूस जागा आहे का, हे मात्र मागच्या गाडीवाल्याला हॉर्न वाजवून शोधावं लागतं.

गावोगावी एक तात्या असतात. मान जाड, पोट पुढे, रक्तदाबाची गोळी वरच्या खिशात. टेकले की झोपले; मग स्टेअरिंग असो, एसटी असो, ग्रामसभा असो की कीर्तन. लोक कौतुकानं म्हणतात, ‘तात्याला कसली चिंताच न्हाई!’ रात्री त्यांचं घोरणं तीन घरं ओलांडून जातं. मध्येच ते थांबतं आणि घरदार सुटकेचा निःश्वास टाकतं. नेमके त्या वेळी तात्याच श्वास टाकत नसतात.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू उतरतो. मग मेंदू दचकून जागा होतो आणि तात्या गुदमरल्यासारखा मोठा श्वास ओढून पुन्हा घोरू लागतात. हा स्लीप ॲप्निया. निदान १० सेकंद श्वास अडणं किंवा मंदावणं, असं तासाला ५ वेळा होऊ लागलं की दखल घ्यायची. ३० च्या वर गेलं की आजार गंभीर. म्हणजे रात्रभर दर दोन मिनिटांना हलवून उठवणं. एवढं तर लग्नघरातही कुणी उठवत नाही.

सकाळी तोंड कोरडं, डोकं जड, रात्री लघवीला चार फेऱ्या. त्याचं खापर तात्या अनुक्रमे तंबाखूवर, उन्हावर आणि साखरेवर फोडतात. चिडचिड सुनेवर निघते. रक्तदाब उतरत नाही, म्हणून डॉक्टर बदलतात.

या आजारात रोगी घटनास्थळी असूनही गैरहजर. साक्षीदार एकच, काकू.

‘मधीच दम कोंडतुय तुमचा. मी उठून हलवून बघते.’

‘म्या घोरतुय? कोन म्हन्तंय? मी तर रातभर जागाच हुतो!’

खटला निकाली. काकू स्वतः घोरत असतील, तर तो उभाच राहत नाही. बायका घोरत नाहीत, असा गावाचा अलिखित ठराव आहे. पाळी गेल्यावर बायकांतही हा आजार वाढतो आणि बऱ्याचदा नुसता थकवा, झोप न लागणं अशा रूपात येतो. त्यावर गावठी इलाज एकच: ‘कामात मन रमव.’ जबडा लहान असेल, तर काटकुळ्या माणसालाही हा आजार सोडत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या मरे जॉन्स या डॉक्टरांनी १९९१ मध्ये दिवसाची झोप मोजायला ८ प्रश्न काढले. शेवटचा प्रश्न असा: रहदारीत गाडी काही मिनिटं थांबली, तर डुलकी लागते का? त्यांनी तामलवाडीची रांग पाहिली नसावी, तरी अंदाज अचूक. २४ पैकी १० च्या वर गुण मिळाले, तर पेढे न वाटता डॉक्टर गाठावा.

२०२२ मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं. चार दिवस सगळ्यांनी घोरण्यावर गंभीर चर्चा केली आणि मग सगळे कुशीवर वळले. तेही बरंच, उताणं झोपण्यापेक्षा कुशीवर घोरणं कमी होतं.

तुळजाभवानी दसऱ्याला सीमोल्लंघन करून श्रमनिद्रा घेते, ती पलंगावर. तात्यांनी ती सकाळी दहाला, चौथ्या गिअरमध्ये का घ्यावी?

उपाय आहे. १९८१ पासून आहे. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं यंत्र काढलं, तेच सीपॅप. तात्यांचा आक्षेप तयार: ‘बैलावानी तोंडाला मुसकं बांधून झोपू?’ वजन उतरवा, रात्रीची दारू सोडा, म्हटलं की मुसकंच बरं वाटू लागतं.

तपासणीला जाताना जुने कागद विसरले तरी चालेल, काकूंना विसरू नका. झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, असं डॉक्टर विचारतील. संसारात पहिल्यांदाच काकूंची जबानी लिहून घेतली जाईल आणि तात्यांना ती जागेपणी ऐकावी लागेल.