समुद्रावर भाडे विचारू नये

समुद्रपर्यटनाच्या जहाजावर, म्हणजे हल्ली सगळेच ज्याला क्रूझ म्हणतात त्या तरंगत्या हॉटेलवर, सहप्रवाशांनी एकमेकांशी कसे वागावे याविषयी मुरलेल्या प्रवाशांनी नवख्यांसाठी जो उपदेश साठवून ठेवला आहे, तो बारकाईने तपासला असता त्यातील बरेचसे नियम एकाच हेतूने केलेले दिसतात, आणि तो हेतू असा की एकाच समुद्रासाठी कोणी किती पैसे मोजले हे दुसऱ्याला कळू नये. तिगावसारख्या गावात नवी बैलजोडी, नवा मोबाइल किंवा नवा जावई यांपैकी काहीही दारात उभे राहिले तरी ‘कितीले पडला?’ हाच पहिला प्रश्न असतो आणि तो न विचारणे हा माणूसघाणेपणा समजला जातो. त्यामुळे तेथील प्रवाशाला हा नियम सर्वांत जड जाणार, हे उघड आहे.

तिगाव हे इटारसी-नागपूर लोहमार्गावरचे गाव 2023 साली छिंदवाड्यातून वेगळ्या काढलेल्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडते. समुद्र गाठायचा तर आधी नागपूर आणि तिथून पुढे 837 किलोमीटर मुंबई. तरीही क्रूझचा हंगाम जणू या मुलुखासाठीच आखला आहे, कारण पावसाळ्यातला खवळलेला अरबी समुद्र निवळून मुंबईहून जहाजे सुटू लागतात त्याच सुमारास संत्र्याच्या आंबिया बहाराचे, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलून दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येणाऱ्या फळांचे सौदे होतात आणि बगीचेवाल्याच्या हाती बयाणा पडतो. मुंबई-गोवा मार्गावर 2018 च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ सुरू झाली, 2021 च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीने 1990 साली बांधलेली ‘एम्प्रेस’ मुंबईहून सोडायला आरंभ केला, आणि पूर्वी बहुधा सिंगापूरला गेल्याशिवाय न मिळणारा क्रूझचा मान विदर्भाच्या सीमेपर्यंत येऊन पोहोचला.

जहाजावरचे पहिले महापातक म्हणजे खुर्ची अडवणे. पोहण्याच्या तलावाभोवती मांडलेल्या आरामखुर्च्यांवर पहाटेच टॉवेल टाकून नाश्त्याला जाणाऱ्यांचा सर्वत्र धिक्कार केला जातो, आणि पुष्कळ जहाजांवर अर्धा-पाऊण तास बेवारस राहिलेला टॉवेल कर्मचारी उचलून नेतात. पॅसेंजर गाडीत वा एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या समाजाला हा कायदा रानटी वाटल्यास नवल नाही. कारण रुमाल हा तेथे दस्तऐवज असतो, त्यावर सही नसली तरी त्याचा मान राखला जातो, आणि राखणाऱ्याला उद्या आपलाही रुमाल टाकायचा आहे याचे भान असते. गंमत एवढीच की टॉवेलवाल्यांना नावे ठेवणाऱ्या अनुभवी मंडळींना हे टॉवेल नेमके किती वाजता पडतात याची अचूक माहिती असते, आणि तितक्या पहाटे ती मंडळी तलावाशी काय करत होती याचा खुलासा त्यांच्या उपदेशात सापडत नाही.

खाद्यपदार्थांचा नियम याहून अपमानास्पद आहे. घरी केलेला फराळ बहुतेक जहाजांवर चढू देत नाहीत आणि ताज्या फळांचीही सहसा तीच गत होते, म्हणजे स्वतःच्या बगीच्यातली पिशवीभर संत्री धक्क्यावर सोडून बगीचेवाल्याने आत जायचे आणि तेथे काचेच्या भांड्यात मांडलेली परकी संत्री चिमट्याने उचलायची. आगबोटींच्या आधीच्या काळात दूरच्या सफरींवर खलाशांना स्कर्व्ही होत असे. हा क जीवनसत्त्वाच्या अभावी हिरड्या सुजवून दात पाडणारा आणि शेवटी जीव घेणारा रोग होता. 1747 साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या शल्यवैद्याने ‘सॉल्सबरी’ जहाजावर बारा रोग्यांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला निराळा उपचार दिला, तेव्हा संत्री आणि लिंबू मिळालेले दोघे सर्वांत लवकर बरे झाले. तरीही ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यायला 1795 उजाडले. सरकारी कागद तेव्हाही आजच्याच वेगाने सरकत असावा. ज्या फळाने दर्यावर्दींचे दात राखले त्याच्या उत्पादकाची पिशवी दारात तपासली जावी, हा कृतघ्नपणा कोणत्याही शिष्टाचारात बसत नाही.

जहाजाच्या कवायतीची मात्र थट्टा करता येत नाही. सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजला की कुठे जमायचे हे प्रवाशांना सुटण्याआधीच शिकवले जाते. टायटॅनिक बुडाल्यावर 1914 साली झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला 2012 च्या ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ अपघातानंतर ही धार आली. ज्यांना या वेळी ‘आपलं काय होते?’ म्हणत खोलीत पडून राहावेसे वाटते, त्यांच्यासाठी विनोदाची सोय नाही.

आता मूळ प्रश्न भाड्याचा. आतली बिनखिडकीची खोली, समुद्राकडची खिडकीवाली आणि सज्जाची अशी उतरंड तर असतेच, पण एकाच तऱ्हेच्या खोलीचे भाडेही आरक्षण कधी केले आणि जहाज किती भरले यावर हलते राहते. म्हणून जेवणाच्या मेजावर हवामान, नातवंडे आणि मळमळीवरचे आले एवढ्यावरच बोलावे असा संकेत आहे. त्यात पुष्कळ जहाजांवर बक्षिसीही दररोज माणशी आपोआप बिलात चढते; दानाचे पुण्य आणि कराची सक्ती यांचा इतका सुबक संगम ग्रामपंचायतीलाही साधलेला नाही. या सगळ्याचा अर्थ लावायचा तर तिगावहून आलेल्या काकाजींनी शेजारच्या खुर्चीला विचारल्यावाचून गत्यंतर नसते, आणि विचारले की सोबतच्या काकूंची कोपरखळी ठरलेली.

यावर मार्ग शेवटच्या सकाळी सापडतो. सामान आदल्या रात्रीच रंगीत चिठ्ठ्या लावून खोलीबाहेर ठेवायचे असते. त्यात उद्याचे कपडेही बांधून टाकणारे रात्रीच्याच वेशात उतरतात. महागड्या खोल्यांतली मंडळी बहुधा आधी निघून जातात, आणि मग उरलेल्या रांगेत ‘कितीले पडलं भाऊ?’ हा प्रश्न कोणाचाही अपमान न होता विचारता येतो. फक्त मागच्याला तीच खोली चार हजारांनी स्वस्त पडल्याचे कळले, तर नागपूरपर्यंतचे 837 किलोमीटर काकूंशेजारी गप्प बसून काढावे लागतात.