लाखात एक

परदेशात हल्ली रेकॉर्ड काढतानाच ती दुर्मिळ करून काढतात. हिरवी-जांभळी तबकडी, कव्हरावर ‘५०० पैकी ३१७ क्रमांकाची प्रत’ असा शिक्का, आणि २००८पासून तर अशा खरेदीसाठी वर्षातला एक खास दिवसच ठरून गेला आहे. त्या दिवशी भल्या पहाटे दुकानापुढं रांग लागते. घरी नेल्यावर कित्येक जण वरचं प्लॅस्टिकही फोडत नाहीत, कारण वाजवली की भाव उतरतो म्हणे! मिरजेच्या माणसाला हे पटायचं नाही. रेकॉर्ड ऐकण्यासाठी असते, अशी इथं एक जुनाट समजूत आहे.

गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच मिरजेत राहिले, १९३७ साली गेल्यावर मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच विसावले. त्यांच्या रेकॉर्डी दोन काळांतल्या. पहिल्या १९०५च्या आसपासच्या. तेव्हा गाणं तबकडीच्या एकाच बाजूला असे, दुसरी बाजू कोरी; आणि छापून यायची ती थेट जर्मनीतल्या हॅनोवरहून. कलकत्त्याजवळचा डमडमचा कारखाना अजून निघायचा होता. दुसऱ्या तीसच्या दशकातल्या, ओडियन कंपनीच्या. झिंझोटी रागातली त्यांची प्रसिद्ध ठुमरी यांतलीच. लहानग्या भीमसेन जोशींना गाण्याचं वेड लावलं ते तिच्या तबकडीनं.

संग्राहक जीव टाकतात तो पहिल्यांवर. मला मात्र दुसऱ्याच जास्त दुर्मिळ वाटतात. अर्थात चांगल्या अवस्थेतल्या. त्या खपल्या भरपूर, पण वाजल्याही भरपूर. पोलादी सुई दर बाजूला बदलायची असा नियम होता, आणि सुयांची डबी वर्षभर पुरवायची असा आपल्या घरांचा. बोथट सुईनं नेमकी आवडती जागाच खरवडून निघायची. उलट ज्या गाण्याला घरात कुणी विचारलं नाही, त्याची तबकडी आजही माळ्यावर नव्या नवरीसारखी तुकतुकीत सापडते. तिला गिऱ्हाईक नाही, एवढंच. म्हणजे आकड्याच्या शिक्क्यानं नव्हे, माणसांच्या प्रेमानं ती ठुमरी दुर्मिळ झाली. आता ती फोनवर फुकट ऐकता येते, हा भाग वेगळा. पण फोनवरच्या गाण्याला ओरखडा पडत नाही, आणि ओरखड्याशिवाय ते घरातलं वाटत नाही.

या तबकड्या व्हायनिलच्या नव्हेत, लाखेच्या. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी, एवढाच मसाला. दर्ग्यापासून चार पावलांवर सतारमेकर गल्लीत जा; तिथला कारागीर स्पिरिटमध्ये विरघळवलेली हीच लाख कापडाच्या बोळ्यानं तंबोऱ्याच्या भोपळ्यावर घासत बसलेला दिसेल. हात थांबत नाही, कारण थांबला की तिथं डाग उमटतो. खाँसाहेबांचा तंबोरा आणि खाँसाहेबांची रेकॉर्ड, दोघांची चकाकी म्हणजे लाख करणाऱ्या एकाच किड्याची कृपा!

म्हणून एक विनंती. माळ्यावर आजोबांच्या रेकॉर्डी सापडल्या तर किलोच्या भावानं घालू नका. एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. उन्हात तर नकोच नको. आणि धूळ झटकायला मऊ कोरडं फडकं घ्या. चष्मा पुसायचं स्पिरिट मात्र चुकूनही लावू नका. लाख त्यात विरघळते, आणि तिच्याबरोबर गाणंही.