ओल्या अंगठ्याचे बाबू

चंद्रपुरात मे महिन्यात कोणी "फार घाम येतो हो" म्हणाला, की तो परगावचा पाहुणा हे ओळखावं. पारा ४५च्या पुढे गेल्यावर इथे घामाची कोणी तक्रार करत नाही. बाबूंचा घाम मात्र निराळा. तो डिसेंबरात, शेकोटीपासून चार हात लांब बसल्यावरही तळव्यांतून ठिबकतो. असा एक बाबू या भागातल्या बहुतेक कार्यालयांत सापडतो. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा फायलींची वाटणी झाली, कपाटांची झाली; बाबू मात्र दोन्हीकडे पुरून उरले.

खांद्यावर दुपट्टा, शाईच्या पेनाशी कायमचं वैर आणि मनगटाखाली टीपकागद, ही त्यांची ओळख. तेंदूपत्त्याच्या हंगामात ७० पानांच्या पुड्यांचा हिशेब त्यांच्या हाताखाली आला, की आकडे पोहायला लागतात. हजेरीच्या यंत्राने तर त्यांचा अंगठा ओळखायचंच सोडलंय. म्हणून त्यांच्यापुरतं जुनं हजेरीपुस्तक शिल्लक आहे. त्यात बाबू रोज स्वहस्ते "१०.००" लिहितात.

गोळ्या-मलमांवर बाबूंचा विश्वास नाही. "औषध नको जी, शास्त्रीय उपाय पाहून राहिलो," असं ते सांगतात आणि ड्रॉवरमधून तक्ता काढतात. उपाय, खर्च, फायदा, तोटा, शेरा, असे रकाने आखलेले. शेरा लाल शाईत, अर्थात बॉलपेनने.

पहिली नोंद मन शांत करण्याची. तळव्यांचा घाम उन्हापेक्षा मनाच्या ताणाला जास्त जुमानतो आणि झोपेत बहुधा थांबतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाबूंनी ते मनावर घेतलं. दुपारी दोन ते चार ते कूलरसमोर या तत्त्वाचा प्रयोग करतात आणि त्या वेळात त्यांचे तळवे खरोखर ठणठणीत कोरडे असतात. शेरा: "उपयुक्त. साहेब दौऱ्यावर असतानाच शक्य."

दुसरी नोंद सूक्ष्मलहरींची. यात काखेची कातडी बधिर करून उष्णतेने घामाच्या ग्रंथी जाळतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. खर्च मोठा आणि उपाय काखेपुरताच, तळव्यांना नाही. बाबूंचा शेरा: "मे महिना हेच काम फुकट करतो. नामंजूर."

तिसरी शस्त्रक्रियेची. छातीत दुर्बीण घालून तळव्यांच्या घामग्रंथींना हुकूम पोचवणारी मज्जातंतूंची साखळी तोडतात किंवा चिमट्यात धरतात. हात कोरडे होतात, पण पुष्कळांना मग पाठीला, पोटाला, मांड्यांना घाम फुटतो. हे ऐकून बाबू दचकले. "म्हणजे बडतर्फी नाही, नुसती बदली!" बदलीच्या नावानेच त्यांचे तळवे पुन्हा भिजले. शेरा: "अंतिम पर्याय म्हणून राखीव."

राहिला पाणी आणि विजेचा उपाय, आयनटोफोरेसिस. दोन उथळ तबकांत साधं पाणी घ्यायचं, त्यात तळवे ठेवायचे आणि यंत्रातून १५-२० मिलीअँपिअरचा सौम्य प्रवाह सोडायचा. वीसेक मिनिटं बसायचं, आठवड्यातून तीन-चारदा. मुंग्या येतात, कधी कातडी लाल होते, पण दोन-चार आठवड्यांत पुष्कळांचे तळवे कोरडे पडतात. पुढे आठवड्यातून एखादी बैठक चालू ठेवावी लागते. सोडली की घाम परत येतो. गरोदर बाई, पेसमेकर किंवा शरीरात धातू बसवलेला माणूस यांना मनाई. लेव्हिट नावाच्या डॉक्टरांनी १९६८ साली यासाठी साधं उपकरण सुचवलं, हेही बाबूंना पाठ आहे.

मिस्त्री म्हणाला, "एवढ्यासाठी यंत्र कशाला? मोटरसायकलच्या बॅटरीला जोडून देतो." बाबू तयारही झाले होते, पण वहिनींनी दोघांना घराबाहेर काढलं आणि यंत्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणायला लावलं. बाबूंनी पहिल्या दिवशी तबकात कौतुकाने आरओचं पाणी ओतलं. डॉक्टर हसले. वीज वाहायला पाण्यात क्षार हवेत, नळाचंच घ्या, म्हणाले. ज्या खाऱ्या पाण्याला वहिनी वर्षभर शिव्या घालतात, त्याचं एवढं कौतुक घरात पहिल्यांदाच झालं. आता अडचण एकच. २९२० मेगावॅटचं वीजकेंद्र शहराच्या उशाशी, आणि बाबूंनी हात बुडवले की गल्लीतली लाइन जायची! तरी ते चिकाटीने बसले. वहिनी अंगठी काढून ठेवायची, जखमेला व्हॅसलीन लावायची आठवण करून देत आणि मुलगा वेळ मोजायचा.

तिसऱ्या आठवड्यात तळवे कोरडे झाले. बाबूंनी कार्यालयात सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, चपराशाशी तर दोनदा. साहेबही खूश झाले. "वा बाबूजी! आता ते हजेरीपुस्तक बंद. लावा अंगठा." बाबूंनी अंगठा टेकवला. यंत्राने तत्काळ हिरवा दिवा लावला आणि सर्वांसमक्ष वेळ दाखवली: ११.२५.

महिनाभर यंत्राने इमानेइतबारे त्यांचा अंगठा ओळखला. पगारपत्रकात त्याचे परिणाम दिसले, तसं बाबूंनी तक्ता काढला आणि चौथ्या नोंदीपुढे लाल अक्षरात लिहिलं: "उपाय पूर्ण परिणामकारक. तूर्त स्थगित." यंत्र कपाटावर गेलं.

थोड्याच आठवड्यांत अंगठा पुन्हा ओला झाला आणि हजेरीपुस्तक परत आलं. परवा मी विचारलं, "बाबूजी, इतका चांगला उपाय सोडला कशाला?"

दुपट्ट्याला हात पुसत ते गंभीरपणे म्हणाले, "सोडला कुठं जी? तुलना चालू आहे न!"