सर्व्हर येईपर्यंत

(कर्जत स्टेशनजवळचं महा-ई-सेवा केंद्र. नोव्हेंबर महिना, हयातीच्या दाखल्यांची रांग, आणि सर्व्हर गेलेला.)

पेन्शनर : झालं का रे?

केंद्रवाला : गोल फिरतंय, काका. बसा.

पेन्शनर : आणि हे काय लावलंयस? काड्यांची माणसं. ना नाक, ना डोळे.

केंद्रवाला : वॉलपेपर आहे, एक्सकेसीडी कार्टूनचा. रँडल मन्रो म्हणून अमेरिकन आहे, 2005 पासून नेटवर काढतोय. आधी नासाचं काम करायचा.

पेन्शनर : नासाचा माणूस, आणि नाक काढता येईना?

केंद्रवाला : गंमत बोलण्यात असते, काका. शिवाय त्याच्या साइटवर चित्रावर माऊस नेऊन थांबलं की आणखी एक ओळ उमटते. ती विनोदाला मागून रेटते.

पेन्शनर : म्हणजे बँकर! घाट चढायला गाडीला मागून इंजिन लावतात, तसा. 1:37 चा चढ, माझी नोकरीच त्यात गेली. दाखव बघू.

केंद्रवाला : वॉलपेपर केला की ती ओळ येत नाही. नुसतं चित्र राहतं.

पेन्शनर : बँकर पळसदरीलाच सुटला म्हण की! मग हसू लोणावळ्याला पोचणार कसं?

एजंट (खालापूरचा, बगलेत सातबाऱ्यांची फाईल) : पैसे पडतात का याला?

केंद्रवाला : छे. धंद्याला वापरू नका, एवढंच म्हणतो तो.

एजंट : मग आपल्या काय कामाचं! आधीचा हिरवा डोंगर बरा होता.

केंद्रवाला : विंडोज एक्सपीचा? तो कॅलिफोर्नियातला. चार्ल्स ओरिअर नावाच्या फोटोग्राफरने 1996 साली काढलेला.

एजंट : मी चौकचा प्लॉट म्हणून दाखवायचो.

पेन्शनर : आणि गिऱ्हाईक काही बोलायचं नाही?

एजंट : पावसात नाही. जानेवारीत फोन यायचे.

केंद्रवाला : पण तो फोटो जानेवारीतलाच आहे!

एजंट : मग काय तिकडचा सातबारा काढून देऊ?

पेन्शनर : ते राहू दे. चिंटू लाव. 1991 ला 'सकाळ'मध्ये सुरू झाला, तेव्हापासून वाचायचो.

(चिंटू लागतो. पहिल्या चौकटीवर रिसायकल बिन. त्याखाली 'अर्ज नवीन', 'अर्ज नवीन 2', 'फायनल', 'फायनल खरं'.)

पेन्शनर : हा एवढा आडवा कधी झाला? चारुहास पंडितांनी असा नाही काढलेला.

केंद्रवाला : पट्टी ताणून स्क्रीनभर बसवलीय.

पेन्शनर : आणि सगळे कशाला हसतायत?

केंद्रवाला : ते 'फायनल खरं'च्या खाली गेलंय.

पेन्शनर : मग उचल ते.

केंद्रवाला : नको काका. तहसीलदारांचं आहे. एकदा हलवलं तर परत सापडत नाही.

पेन्शनर : बरं, शि. द. फडणीस आहेत का? त्यांच्या चित्रात शब्दच नसतात. तुझ्या अर्जांखाली झाकलं जाईल ते काय?

(चित्र लागतं. पेन्शनर बघतो, आणखी जवळ जाऊन बघतो, आणि खुर्ची हलेपर्यंत हसतो.)

केंद्रवाला : आला, सर्व्हर आला! काका, मोबाईलकडे बघा. डोळे मिचकवा. हसू नका.

पेन्शनर : नाही हसत... (हसतो.)

केंद्रवाला : चेहरा जुळत नाहीये. काका, परत जाईल हो सर्व्हर!

पेन्शनर : मी काय करू? समोर ते चित्र आहे!

एजंट : काका, डोळ्यांसमोर आणा. चौकचा तो प्लॉट तुम्ही घेतलाय. माझ्याकडून. रोखीने.

केंद्रवाला : जुळला!