रा. रा. ईएलसीबी यांस अनावृत पत्र

रा. रा. ईएलसीबी,
मुक्काम डीबी (विजेची पेटी), चपलांच्या कपाटावरची भिंत, यांस

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या वागणुकीबद्दल घरात एकमताने नाराजी आहे. आमच्या घरात एकमत होणं किती दुर्मीळ, हे आपण पॅसेजमध्ये बसून रोज ऐकताच. पावसाळा लागला की आपल्याला चेव येतो. सकाळी गिझर लावावा, अंगाला साबण लागावा, आणि पॅसेजमधून ‘टक्’ असा आवाज यावा. गिझरचं आणि आपलं वैर असेल, मान्य. पण फ्रिज, पंखा, वायफाय आणि मिक्सरमधली अर्धी वाटलेली चटणी यांनी आपलं काय घोडं मारलंय?

आपला स्वभाव मुळातच संशयी. फेजमधून किती करंट गेला आणि न्यूट्रलमधून किती परत आला, एवढाच हिशेब आपण दिवसभर करत बसता. ३० मिलिअँपिअरची तफावत आली की खटका पाडलाच. (१५ पर्यंत पडायचं नाही, ३० ला पडायलाच हवं आणि मधलं सारं आपल्या मर्जीवर, असा म्हणे नियमच आहे. म्हणजे मुजोरीलाही मानकाचा आधार!) दोन हजार वॉटचा गिझर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास खातो. त्यातले ३० मिलिअँपिअर म्हणजे जेमतेम तीनशेतला एक भाग. सोसायटीचा खजिनदार एवढ्याशा फरकापायी अख्ख्या इमारतीचं पाणी तोडू लागला, तर पुढच्या वर्षी त्याला कोण निवडून देईल?

शेजारच्या एमसीबींकडून तरी काही शिका. केवढी समंजस मंडळी! १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरपर्यंत चकार शब्द काढत नाही. मध्ये कुणी माणूस चिकटला तरी ती फक्त वायर तापलीय का एवढंच बघते. माणसाचं बघणं तिच्या कामातच येत नाही, त्यामुळे तिच्याविरुद्ध आजवर एकही तक्रार नाही.

आपलं खानदानच असं दिसतं. अमेरिकेतली आपली भावंडं डीबीत न बसता थेट बाथरूमच्या, किचनच्या प्लग पॉइंटमध्ये ठाण मांडतात आणि ५ मिलिअँपिअरलाच बिथरतात. बर्कलेचे प्राध्यापक चार्ल्स डालझील यांनी १९६१ मध्ये ती बनवली. त्याआधी या गृहस्थांनी धडधाकट माणसांच्या हातात तारा देऊन, किती करंटला पकड सुटेनाशी होते हे मोजलं होतं. पुरुषांची सरासरी निघाली १६ मिलिअँपिअर. सरासरी, बरं का. काहींची पकड त्याच्या कितीतरी आधीच सुटेनाशी झाली. तेव्हा ही भावंडं ५ लाच का बिथरतात ते कळलं, आणि आपण ३० पर्यंत थांबता म्हणजे घराण्यातले त्यातल्या त्यात सोशिक, हेही.

आमच्या वायरमनदादांनी आपलं निदान अर्ध्या मिनिटात केलं. एकदा वर केलं, आपण पडलात. पुन्हा वर केलं, पुन्हा पडलात. “ईएलसीबी गेलाय. पावसाळ्यात होतंच असं. डायरेक्ट करून देऊ?” म्हणजे आपण जागेवर दिसाल, पण करंट आपल्याला वळसा घालून जाईल. खर्च किरकोळ, वेळ दहा मिनिटं. घरात लगेच माना डोलल्या.

आडवे आले ते दुसऱ्या मजल्यावरचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले काका. त्यांनी घरातले सगळे प्लग उपटायला लावले. नुसती बटणं बंद करून भागत नाही म्हणाले, कारण बटण काय आणि एमसीबी काय, घरात बहुधा फेजच तोडतात; न्यूट्रल जोडलेलाच राहतो. तो बाल्कनीतल्या ओल्या बोर्डात अर्थिंगला टेकला असेल, तर बाल्कनीची एमसीबी खाली असतानाही बेडरूमचा पंखा लावल्यावर आपण पडता. आणि आम्ही पंखा दुरुस्तीला टाकतो! मग आपल्याला वर केलं, एकेक एमसीबी चढवली, एकेक वस्तू लावली. फ्रिजला आपण काही बोलला नाहीत, वॉशिंग मशीनलाही नाही. गिझर लावला आणि टक्. कॉइलच्या नळीला तडा गेला होता, आतली पावडर पाणी प्यायली होती. काकांनी इन्सुलेशन मोजणारा मेगर लावून आकडा दाखवला. वायरमनदादा म्हणाले, “तेच म्हणत होतो मी.”

जाता जाता काकांनी आपल्या छातीवरचं ‘टी’चं बटण दाबलं, आपण इमानाने पडलात. महिन्याला एकदा दाबत जा म्हणाले. पण त्यानं फक्त आपण जिवंत आहात एवढंच कळतं, घराला अर्थिंग आहे की नाही ते कळत नाही. अर्थिंग असेल तर कॉइल गळायला लागताच आपण पडता. नसेल, तर कुणाचा तरी ओला हात लागेपर्यंत गप्प बसता. तिसरी पिन कापून टू-पिनमध्ये खुपसलेल्या आमच्या इस्त्रीला हे ऐकून फार वाईट वाटलं.

एक तक्रार मात्र आम्ही मागे घेणार नाही. बाथरूममधल्या भांडणासाठी आपण सगळं घर अंधारात घालता. काका म्हणतात, यात आपला दोष नाही. बिल्डरने अख्ख्या फ्लॅटला आपण एकटेच दिलेत. गिझरची लाइन आपल्यातून काढून तिला स्वतंत्र आरसीबीओ (म्हणजे आपण आणि एमसीबी एकाच डबीत) बसवला, तर गिझर बिघडला तरी चटणी पूर्ण होईल. त्याचं कोटेशन मागवलं आहे. ते बसेपर्यंत आपण कृपया सकाळी आठ ते साडेआठ जरा सबुरीने घ्यावं.

कळावे,
आपला (तूर्त अंधारातला),
एक ग्राहक

ता. क. वरच्या मजल्यावर गेल्या पावसाळ्यातच डायरेक्ट करून घेतलंय. कसं चाललंय विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, “छान! बाथरूमच्या नळाला हात लावला की जरा मुंग्या येतात, पण लाईट म्हणून जात नाही.”