आवाज येतोय ना?

संपूर्ण बंद पडलेल्या टीव्हीत अण्णांना काडीचाही रस नसतो. "पॉवर सप्लाय," एवढं म्हणून ते चहाही न घेता जिना उतरतात. पण "आवाज येतोय हो, चित्र नाही" हे वाक्य सोसायटीत कुठल्याही मजल्यावर उच्चारलं गेलं की मेकॅनिकला फोन लागायच्या आत अण्णा दारात. हातात टॉर्च.

आधी जबानी होते. "लावल्यावर क्षणभर चित्र दिसून जातं का? मेनूचं बटण दाबा. मेनूही नाही? मग बिचाऱ्या सेटटॉप बॉक्सला शिव्या देऊ नका." हे चालू असताना टीव्हीत कोणीतरी हुंदके देत असतं. घरातल्या आजींना मात्र बिघाड झाल्याचा पत्ताच नसतो. त्या मेथी निवडत मालिका ऐकतात, आणि कोण कुणाला विष देतंय ते त्यांना पार्श्वसंगीतावरून कळतं.

मग मुख्य विधी. पडदे ओढायचे, दिवे घालवायचे, देवापुढचं निरांजनही जरा बाजूला. अण्णा टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवून तिरका धरतात आणि घरच्या बाईंना बोलावतात.

"वहिनी, इथून बघा. काय दिसतंय?"

"काळं... थांबा हं. अगंबाई, नथ दिसतेय!"

"नथ दिसली ना? पॅनल शाबूत!"

नथ जिची असते ती सासूही मग उजेडाच्या वर्तुळात अंधूक प्रकटते. अण्णांचं व्याख्यान सुरू होतं. हा पडदा स्वतः प्रकाश देत नाही. उजेड देतात त्या मागच्या एलईडीच्या पट्ट्या. त्या गेल्या की चित्र उमटतं, पण अंधारात. पट्टीवरचे दिवे एकापुढे एक जोडलेले. गणपतीच्या जुन्या माळेसारखं, एक गेला की पुढचे-मागचे सगळे आडवे. टॉर्च मारूनही काही दिसलं नसतं तर टी-कॉन बोर्ड, रिबन, नाहीतर खुद्द पॅनल. पॅनल म्हणताना अण्णा आवाज खाली आणतात, कारण त्या किमतीत लोक नवा टीव्हीच बघतात.

"आणि हे काय? बॅकलाइट शंभरावर! साठावर ठेवला असता तर पट्ट्या अजून चालल्या असत्या." यजमान गुन्हेगारासारखे रिमोटकडे बघतात.

१९७२ साली दूरदर्शनचं मुंबई केंद्र सुरू झालं, तेव्हापासून अण्णा टीव्ही बघतायत. बघतायत म्हणजे मागच्या बाजूने. त्या काळी खोक्यावर थाप मारली की सुटलेला डाग टेकायचा आणि चित्र यायचं. "आता मारायला जागाच ठेवली नाहीये," ही त्यांची खरी तक्रार.

एवढं सगळं करून अण्णा पेचकसला हात लावत नाहीत. दुरुस्ती हे त्यांच्या मते कारागिराचं काम; ते स्वतः निदानापुरते. मेकॅनिक पोरगा आला की "एकच पट्टी बदलू नकोस, अख्खा सेट टाक, नाहीतर दोन महिन्यांनी दुसरी जाईल," असं सुनावतात. सल्ला बरोबर असतो, हेच पोराला सहन होत नाही. काच काढायला सपाट टेबल आणि दोन माणसं लागतात, असं सांगून तो टीव्ही दुकानात घेऊन जातो. तो बहुधा अण्णांपासूनच नेत असावा.

टीव्ही परत येतो. चित्र लख्ख. वहिनी पेढे काढतात, यजमान पैसे मोजतात, सासूची नथ पूर्ण तेजात झळकते. अण्णा एकटेच गप्प. खुर्ची पुढे ओढतात, चष्मा कपाळावर नेतात, पुन्हा खाली आणतात.

"खाली डावीकडे तो पांढरा ठिपका दिसतोय का हो तुम्हाला? एका एलईडीवरची लेन्स सुटली असणार. तसं काही नाही म्हणा. चालेल."

अण्णा पेढा घेऊन जातात. त्या घरात त्या दिवसापासून सगळे फक्त तो ठिपका बघतात.